मुबारकबीच्या गाडीतला कोपरा

१

रोज सकाळी बैलांना पाणी दाखवलं की मी हातात मोजमापाची दोरी घेऊन गाडीत शिरत असे. तवा खुंटीवर. दोन कप फळीच्या डाव्या कडेला. माठ दारापासून चार वीत. शेगडी समोरच्या भिंतीला, डाव्या अंगाला. एखादी वस्तू बोटभर जरी सरकली असली तरी ती पुन्हा जागेवर ठेवायची आणि मगच मुबारकबीला हाक मारायची, "ये आता." बाजारातले लोक मला खुळा म्हणत. म्हणू देत. त्यांच्या बायकांना दिसत होतं.

मुबारकबी माझी बायको. तिच्या डोळ्यांत काचबिंदू झाला होता. नगरच्या डॉक्टरांनी बत्ती घेऊन दोन्ही डोळे तपासले आणि सांगितलं, "गेलेली नजर परत येत नाही. उरलेली किती टिकेल, सांगता येत नाही." एवढं बोलून त्यांनी पुढच्या पेशंटला बोलावलं.

उरलेली नजर म्हणजे काय, ते आम्हाला एकदा भाकरी करताना कळलं. काळ्या तव्याशेजारी पांढरं फडकं पडलं होतं. तिने हात नेमका त्या दोन्हींच्या मधे ठेवला आणि म्हणाली, "काळं आन् पांढरं लागून असलं की मला कळतंय ओ. बाकी समदं धुकं."

आता मी रंगारी. टांगे, बैलांची शिंगं, लग्नातल्या पत्र्याच्या पेट्या रंगवणारा. नबीलालचा मोर म्हटलं की श्रीगोंद्यापर्यंत लोक ओळखत. तीस वर्षं मला रंग घोटून देणाऱ्या बाईला शेवटी काळं आणि पांढरं तेवढं दिसावं, याचा मला इतका राग यायचा की मी मोर-राघू काढणंच सोडलं.

२

मी आठवडाभर बाजार करत हिंडायचो आणि ती नगरला घरी एकटी. एकदा हात भाजून घेतला. एकदा उंबऱ्यावरून पडली. मग तिचा भाऊ महमूद जिल्ह्यातल्याच डोंगराकडच्या अकोल्याहून आला. त्याचा भाताचा धंदा होता, घर मोठं होतं, मनाने चांगला माणूस.

"दाजी, तिला मी नेतो," तो म्हणाला. "तिकडं बाया हायेत बघायला. तुमी कुठंकुठं पुरे पडनार?"

त्याचं चुकत होतं असं नाही. पण मुबारकबीने माझ्या सदऱ्याचं टोक धरलं आणि हळूच म्हणाली, "मला न्हाई जायाचं." आम्हाला मूलबाळ नव्हतं. ती अकोल्याला गेली असती तर मी कुणासाठी घरी परत यायचं, हे मला सुचेना.

सेहेचाळीस साल होतं. लढाई संपली होती आणि लष्कर आपला मोडका पसारा लिलावात काढत होतं. त्यात जखमींना न्यायची एक गाडी होती, पाठीमागून उघडणारी. इंजिन मेलेलं होतं, म्हणून ती मला स्वस्तात मिळाली. ओळखीचा लोहार आसाराम, त्याने ते इंजिन उपसून काढलं आणि पुढे बैलांसाठी दांडी बसवली. "नबीभाई, मोटारीला शिंगं फुटली की!" असं म्हणून तो पोट धरून हसला. मीही हसलो. आमच्या दोघांच्या संसाराला आता चाकं होती.

महमूदने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बरं. पन येकदा जरी ती पडली, येकदा जरी भाजली, तर मी घिऊन जानार. मग मला आडवू नका." मी कबूल केलं.

गाडी आतून रंगवायला मला महिना लागला. कधी नव्हे ते एकही फूल काढलं नाही. सामान इतकंच ठेवलं की मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरावीत. उजवीकडे एक बाक झोपायला, डावीकडे एक फळी. भिंती आणि छत सफेद्याने पांढरंफेक. बाकाची कड, फळीची कड, दाराची चौकट काजळीने काळी. पांढऱ्या फळीवर काळे कप, काळ्या खणात पांढरी ताटली. जमिनीवर दारापासून शेगडीपर्यंत एक काळा पट्टा, तिच्या पावलाएवढा रुंद.

जुना रंग खरवडताना एक गोष्ट दिसली होती. आत थरावर थर होते, पण समोरच्या उजव्या कोपऱ्यात, खांद्याच्या उंचीला, पार पत्रा उघडा पडला होता. कुणीतरी तिथे बराच काळ खांदा टेकून उभं राहावं, तसा घासलेला. मी त्यात खडू-तेलाची लांबी भरली, ती वाळल्यावर घासून गुळगुळीत केली आणि वर सफेदा चढवला. सगळं काम झाल्यावर, मला रंगकाम शिकवलेल्या उस्तादांच्या रीतीप्रमाणे त्याच कोपऱ्यात अंगठ्याने एक काळी तीट लावली. नव्या गाडीला दृष्ट लागू नये म्हणून रंगाऱ्याने ती लावायचीच असते.

मुबारकबी पहिल्यांदा आत आली तेव्हा दारातच थांबली. मग त्या काळ्या पट्ट्यावर पाऊल ठेवलं, दुसरं ठेवलं, फळीच्या कडेवरून बोट फिरवलं, कप उचलला, परत ठेवला. वळून माझ्याकडे तोंड करून हसली. मी बाहेर जाऊन बैलांच्या आड रडून घेतलं.

३

पौषात आम्ही वाटेला लागलो. मिरजगाव, श्रीगोंदा, काष्टी. मी बाजारात पेट्या रंगवायचो, ती गाडीत भाकऱ्या करायची. महिन्याभरात ती इतकी सरावली की मला उगाच भीती वाटायला लागली. असं सगळं ठीक चाललं की मला भीती वाटते, तो माझा स्वभाव आहे.

एका दुपारी जेवताना ती म्हणाली, "तुमी त्या कोपऱ्यात कोट आडकावलाय न्हवं, त्यो बरा केला."

"कंचा कोट?"

"काळा. शेगडीकडं जाताना समोर दिसतोय मला. त्याच्यापाशी गेलं की डावीकडं वळायचं. तुमच्या पट्ट्यापरीस बेस हाय."

माझ्याकडे कोट एकच होता आणि तो माझ्या अंगात होता. कोपऱ्यात खुंटीसुद्धा नव्हती. मी घास हातात धरून त्या पांढऱ्या भिंतीकडे पाहत राहिलो. मग मला तीट आठवली आणि जीव भांड्यात पडला. तिच्या धुक्यात तो टिपका पसरून कोटाएवढा दिसत असणार. डोळ्यांचा खेळ, दुसरं काय.

"कोट न्हाई," मी म्हणालो, "तीट हाय."

"येवढी मोठी?" ती म्हणाली आणि जेवायला लागली.

४

तीट मी ठेवू शकलो असतो. तिला उपयोग होत होता. पण भाकरी थापताना ती मधेच मान वर करून त्या कोपऱ्याकडे बघायची, आपण माणसाकडे बघतो तशी. मला ते बघवेना. दुसऱ्या दिवशी मी तीट पुसली आणि वरून सफेद्याचे दोन हात मारले. लावलेली तीट काढायची नसते, हे मला ठाऊक होतं.

रंग लावताना कोपऱ्यातली खांद्याची जागा पुन्हा झिजलेली दिसली. माझा ताजा सफेदा, जेमतेम दोन महिन्यांचा, तळहाताएवढा घासून निघालेला. म्हटलं, गाडी हिंदकळते, गाठोडं घासलं असेल. त्या कोपऱ्यात गाठोडं कधीच ठेवलं नव्हतं, हे मी स्वतःला आठवू दिलं नाही.

"गेला का कोट?" संध्याकाळी मी विचारलं.

"हाय की." मग जरा थांबून ती म्हणाली, "कोट न्हाई ओ त्यो. मानूस हाय. पाठमोरा उभा हाय. भिंतीकडं तोंड करून."

तिच्या आवाजात भीती नव्हती. भ्यालो मीच. पण तीस वर्षं रंगात काढलेला माणूस घाबरला तरी डोकं रंगाचंच चालवतो. काळं कशावर दिसतं? पांढऱ्यावर. मग पांढरं ठेवायचंच कशाला? काळ्यावर काळं दिसत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. मी तेलात काजळी कालवली आणि सबंध कोपरा, छतापासून जमिनीपर्यंत, दोन्ही भिंतींवर दीड-दीड हात, काळाकुट्ट करून टाकला. काम सुरेख झालं. पांढऱ्या गाडीत तो काळा कोपरा इतका उठून दिसत होता की आसाराम बाजाराला आला तेव्हा बघून म्हणाला, "सायबाच्या बंगल्यात बी असलं नसंल."

दोन दिवस रंग वाळू दिला. मग तिला आत बोलावलं. ती पट्ट्यावरून पुढे गेली, थांबली, डावीकडे वळली.

"आता त्यो पांढरा दिसतोय," ती म्हणाली. "लई बेस दिसतोय. पयल्यापरीस सोच्छ."

५

यानंतर मी गाडी विकायचं मनात घेतलं. तिला सांगितलंही. तिने परातीतलं पीठ तसंच ठेवलं.

"त्यानं तुमचं काय घेतलं?"

"त्यो कोन हाय त्येच ठावं न्हाई आपल्याला."

"आसंल कुनी बी. मी शेगडीवर जायाला लागले की त्यो आडवा ऱ्हातो. परवा माझा पदर इस्तवाकडं गेला, तवा मागं वढला कुनी? तुमी तर बाजारात हुता." मग ती हसली. "जळताय व्हय त्याच्यावर?"

जळत होतोच. खोटं कशाला बोलू? ती सारखी तिकडे तोंड करून बसायची. मी बोललो की कान माझ्याकडे आणि डोळे त्याच्याकडे. पण गाडी विकणं म्हणजे तिला अकोल्याला पाठवणं. विकायचा विचार मी सोडला.

फाल्गुनात महमूद काष्टीला आला. बाजाराचा दिवस, भरदुपार. तो बाकावर बसला आणि गाडीभर नजर फिरवत राहिला. मुबारकबी चहा करायला उठली. मी दाराची चौकट धरून उभा राहिलो. ती पट्ट्यावरून सरळ गेली, कोपऱ्याच्या अलीकडे अर्धं पाऊल आत घेतलं, अंग चोरलं आणि डावीकडे वळली. शेगडी पेटवली, पातेलं चढवलं. चहा कपात ओतला, एक थेंब बाहेर पडला नाही. परत येताना पुन्हा तसंच अंग चोरलं.

महमूदचं सगळं लक्ष तिच्या पावलांवर होतं. "आपा," तो म्हणाला, "तितं काय हाय? वळसा कशाला घालतीस?"

"काय न्हाई," ती म्हणाली. "सवय झाली."

चहा झाल्यावर तो रिकामा कप ठेवायला स्वतः उठला. चांगला सहा फुटी गडी. शेगडीकडे जाताना कोपऱ्याशी पोचला आणि त्यानेही अंग चोरलं. खांदा तिरका करून, वाटेत उभ्या असलेल्या माणसाला चुकवावं तसा, बाजूने गेला. कप ठेवून तो जागीच थांबला. मागे वळून त्याने तो रिकामा काळा कोपरा पाहिला आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी बैलांकडे बघत होतो.

जाताना त्याने बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला. "हितं बरी हायेस तू," म्हणाला. मला बाजूला घेऊन मात्र विचारलं, "दाजी, गाडीत अजून कुनी ऱ्हातं का?"

"आमी दोघंच," मी म्हणालो.

त्याने तिला न्यायचा विषय पुन्हा कधी काढला नाही.

६

चैत्रात तिची नजर झपाट्याने उतरली. आधी फळीची कड गेली. मग दाराची चौकट. मी कडा जाड केल्या, दोन बोटांच्या होत्या त्या चार बोटांच्या केल्या, सफेद्यावर सफेदा चढवला. रोज सकाळी विचारायचो, "पट्टा दिसतो का?" ती "दिसतो की" म्हणायची. एका सकाळी तिला कळलं नाही की मी पट्ट्यावर पांढरं फडकं अंथरून ठेवलंय. ती "दिसतो की" म्हणाली आणि त्या फडक्यावरून चालत गेली.

मी तिथेच खाली बसलो. कुंचला हातात होता. तो कुठे ठेवायचा ते समजेना.

ती माझ्याजवळ येऊन बसली. चाचपडत माझं डोकं शोधलं आणि मांडीवर घेतलं. "रडू नका," म्हणाली. "तुमी लई केलं. येवढं कुनी करत न्हाई. मला काय, गाडी पाठ झालीय."

"कायच दिसत न्हाई?"

तिने तोंड कोपऱ्याकडे वळवलं. बाहेर बैल पाठीवरच्या माश्या हाकत होते, त्यांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज येत होता.

"त्यो येवढा दिसतोय अजून," ती म्हणाली. "बाकी समदं गेलं. त्यो पाठमोरा उभा हाय." आणि मग, जरा चाचरत, "मला येकच वाईट वाटतं ओ. तुमचं तोंड मला आठवंना झालंय. नाक आठवतं. डोळे आठवतात. पन समदं मिळून तोंड होत न्हाई."

मी तिचा हात माझ्या तोंडावर फिरवला. गालावरून, दाढीवरून, कपाळावरून. तिने नीट फिरवून घेतला. मग मान हलवली. हातांनी तोंड दिसत नाही, हे आम्हा दोघांनाही कळलं.

७

वैशाखातला काष्टीचा बाजार. लग्नसराई होती, पेट्यांवर पेट्या. खूप महिन्यांनी एका पोरीच्या बापाने हट्ट धरला म्हणून मी पेटीवर राघू काढला, हिरवागार. काम संपलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. भूक लागली होती. मी गाडीकडे आलो.

पाठीमागचं दार उघडं होतं. मुबारकबी बाकावर मांडी घालून बसली होती, माझ्याकडे पाठ, कोपऱ्याकडे तोंड. मी पायरीवर पाय ठेवला. पायरी कुरकुरली.

"आलात?" ती म्हणाली. मागे वळली मात्र नाही. "आज वळला बगा एकदाचा."

मी पायरीवरच थांबलो.

"अगं बाई," ती म्हणाली. आवाज असा, लग्नानंतर पहिल्या वर्षी होता तसा. "तुमी किती पिकलात ओ! दाढी समदी पांढरी झाली. कवा झाली? मला सांगितलं बी न्हाई."

तिच्या डोळ्यांपुढे धुकं आल्यापासूनच्या दोन वर्षांत माझी दाढी पांढरी झाली होती. तिची नजर चालू होती तेव्हा ती काळी होती. मी तिला कधी बोललो नव्हतो. बोलण्यासारखं त्यात होतं तरी काय?

"वाळलात बी. गाल आत गेल्यात." ती कोपऱ्याकडे पाहत बोलत होती. डोळे भरून पाहत होती. दोन वर्षं जे डोळे धुक्यात चाचपडायचे, ते आता कशावर तरी ठरले होते, थोडे वर, माणसाच्या तोंडाच्या उंचीला. "आन् कान पुसा की. उजव्या कानाला हिरवा रंग लागलाय."

मी उजव्या कानाला हात लावला. कुंचला कानामागे खोचायची मला जुनी खोड. बोटं हिरवी झाली.

हिरवा. दोन वर्षांत तिने काळ्या-पांढऱ्याशिवाय एकाही रंगाचं नाव घेतलं नव्हतं.

खरं सांगतो, त्या क्षणी पळून जावंसं वाटलं. बैल सुटे होते, पण तिला खांद्यावर टाकून पायी जाता आलं असतं. मग मी तिची पाठ पाहिली. आनंदाने ताठ झाली होती. तिला वाटत असावं की मीच तिथे उभा आहे. मग ते खोटं का ठरवायचं? मी चपला पायरीवर काढल्या. हळूच पुढे जाऊन त्या कोपऱ्यात स्वतः उभं राहायचं, म्हणजे ती जे पाहतेय ते खरं होईल, असा विचार होता. तिथे आणखी कुणी असेल तर त्याला अंग लागेल की काय, ही भीती होती. तरी एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं.

"तिकडं कशाला निगालात?" ती म्हणाली. "पायरी मागं वाजली तुमची. मला काय कळत न्हाई व्हय? हितं बसा माझ्यापाशी. त्याला उभं ऱ्हाऊ द्या."

मी तिच्याशेजारी बसलो. तिने पदराचं टोक ओलं केलं आणि माझा कान पुसला. हात जराही चुकला नाही. कान पुसत होती माझा, डोळे मात्र तिकडे होते, रंग निघाला का ते बघत.

"निगाला," ती म्हणाली.

मीही कोपऱ्याकडे पाहिलं. माझाच काळा रंग, माझ्याच कुंचल्याच्या रेघा. दारातून ऊन आत आलं होतं आणि तेलाच्या रंगावर त्याची एक तिरीप पडली होती. त्या तिरिपेत, खांद्याच्या वर, क्षणभर काहीतरी पांढुरकं हललं. ते उन्हाचंही असेल. मी मान हलवली नाही. मी हललो तर तिकडे काय हलतं, ते मला बघायचं नव्हतं.

मुबारकबीने माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तो थंड पडला होता, तिने तो चोळला.

"लई दिसांनी दिसलात," ती म्हणाली. "असं तोंड पाडून नका बसू. जरा हसा की."

हसू आणायला मला थोडा वेळ लागणार होता. मी ओठ अजून हलवलेही नव्हते, तोच ती कोपऱ्याकडे बघून खुदकन हसली.

"हां," ती म्हणाली. "असं."